बावन्न पानांचा भूगोल

पत्त्यांचा कॅट आणि शाळेचं दप्तर या दोन वस्तू एका घरात सुखानं नांदतील, असं आपल्याकडे फारसं कुणी मानत नाही. मुलांच्या हातात पत्ते दिसले की 'अभ्यास झाला का?' हा प्रश्न ठरलेला. माझ्या लहानपणी आमच्या घरात तर पत्त्यांना उंबऱ्याच्या आत परवानगीच नव्हती. अब्बांच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे हराम. शेजारच्या वाड्यातल्या आजींचं म्हणणं असं, की घरात पत्ते आले की लक्ष्मी मागच्या दारानं निघून जाते. भाषा वेगळी, निकाल एकच.

अशा या बदनाम पानांवर कुणी चक्क भूगोल छापला आणि तो एका छोट्या राजाच्या हाती अभ्यास म्हणून दिला, असं सांगितलं तर चटकन खरं वाटणार नाही. पण तसं घडलं आहे. एकदा नव्हे, युरोपात तीनशे वर्षं वेगवेगळ्या देशांत ते घडत राहिलं. त्या जुन्या खेळांविषयी आज बोलायचं आहे. विषय गमतीचा आहे, पण त्या गमतीच्या पोटात एक गंभीर प्रश्नही आहे. मुलाला आपण जगाचा नकाशा दाखवतो, तेव्हा त्याबरोबर आणखी काय काय शिकवत असतो?

पत्त्यांतून शिकवण्याची कल्पना भूगोलापासून सुरू झाली नाही. ती सुरू झाली तर्कशास्त्रासारख्या रुक्ष विषयापासून. थॉमस मुर्नर नावाचा एक जर्मन संन्यासी पोलंडमधल्या क्राकोच्या विद्यापीठात शिकवत होता. तर्कशास्त्राचे नियम विद्यार्थ्यांच्या डोक्यात शिरेनात, म्हणून त्यानं पत्त्यांसारखी चित्रं तयार केली आणि १५०७ साली त्यांचं पुस्तक छापलं. विद्यार्थी इतक्या झटपट शिकू लागले, की हा चेटूक करतो असा संशय घेतला गेला, असं सांगतात. मास्तरांवर चेटकाचा आळ यावा, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं?

भूगोलाची पानं आली ती १५९० साली, इंग्लंडमध्ये. तेव्हा पहिल्या एलिझाबेथ राणीचं राज्य होतं. त्याच्या अकरा वर्षं आधी, १५७९ साली, ख्रिस्तोफर सॅक्स्टन या नकाशाकारानं इंग्लंड आणि वेल्समधल्या काउंट्यांचे नकाशे एकत्र करून पुस्तकरूपानं प्रसिद्ध केले होते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण ते पुस्तक मोठं आणि महागडं. ते श्रीमंताच्या कपाटात राहणार. विल्यम बोझ नावाच्या माणसाच्या लक्षात एक योगायोग आला. इंग्लंड आणि वेल्स मिळून काउंट्या किती? बावन्न. आणि कॅटमध्ये पानं किती? बावन्न! त्यानं एकेका पानावर एकेक काउंटी बसवून टाकली. वर पत्त्याची खूण आणि आकडा, मधोमध चिमुकला नकाशा, खाली थोडक्यात माहिती. राज्य खिशात मावू लागलं.

वाटणीही त्यानं हिशेबानं केली. देशाच्या चार भागांना पत्त्यांचे चार प्रकार दिले. एकेका प्रकारात तेरा काउंट्या. त्या तेरांची क्रमवारी आकारावरून लावली. लहान काउंटीला लहान आकडा, मोठीला मोठा, सगळ्यांत मोठी ती राजा. म्हणजे खेळता खेळता चार गोष्टी कळणार. काउंटीचं नाव कळणार, ती देशाच्या कुठल्या बाजूला आहे ते कळणार, तिचा आकार दिसणार आणि शेजारणींपेक्षा ती लहान की मोठी, तेही कळणार. पाठांतराची सक्ती नाही. पान टाकताना नाव घ्यायचं, हात केला की पानं उचलायची. शंभर डावांत तेच नाव इतक्या वेळा जिभेवरून जातं, की ते विसरणंच अवघड.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे गंजिफा होता. गोल पानांचा, हातानं रंगवलेला. बाबरानं आपल्या आठवणींत १५२७ साली सिंधच्या सरदाराला गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. पुढे हाच खेळ आपल्या मातीत असा मुरला, की त्यावर दशावतार अवतरले. एकेका अवताराची बारा पानं, दहा अवतारांची एकशेवीस. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही ही पानं रंगवली जातात.

पण मला जास्त नवल वाटतं ते अकबराच्या दरबारातल्या पत्त्यांचं. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त त्यांचं वर्णन केलं आहे. हा ग्रंथही सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला, म्हणजे बोझच्या पत्त्यांचा समकालीन. त्यात जुन्या बारा प्रकारच्या पानांची यादी आहे. पहिला अश्वपती, घोड्यांच्या बळावर राज्य करणारा, दिल्लीच्या बादशहासारखा. दुसरा गजपती, हत्तींचा धनी, ओरिसाच्या राजासारखा. तिसरा नरपती, पायदळाच्या जोरावर उभा, विजापूरच्या सुलतानासारखा. पुढे गडांचा राजा आहे, धनाचा आहे, नौकांचाही आहे. हा खेळ मुलांना शिकवण्यासाठी नव्हता, हे खरं. पण कुठल्या प्रदेशाचं बळ कशात आहे, हे तो सांगत होताच. लंडनमध्ये एक माणूस पानावर काउंटी कोरत होता आणि त्याच काळात इथं पानांवरच्या दिल्ली, ओरिसा आणि विजापूरची नोंद होत होती. दोघांना एकमेकांची खबर नसणार.

आता त्या छोट्या राजाकडे वळू. फ्रान्सचा चौदावा लुई १६४३ साली गादीवर आला, तेव्हा त्याला पाचवं वर्ष पुरं व्हायचं होतं. कारभार त्याच्या आईच्या आणि कार्डिनल माझारँ या मुत्सद्द्याच्या हाती. या पोराला राज्य करायचं आहे, तर त्याला जग माहीत हवं. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला ग्रंथ कसे देणार? म्हणून १६४४ साली त्याच्यासाठी पत्त्यांचे चार खेळ तयार झाले. एक पुराणकथांचा, एक फ्रान्सच्या राजांचा, एक नामांकित राण्यांचा आणि चौथा भूगोलाचा. मजकूर रचला फ्रेंच अकादमीतल्या देमारे या कवीनं. चित्रं कोरली फ्लोरेन्सहून आलेल्या स्तेफानो देल्ला बेल्ला या चित्रकारानं. या कामासाठी त्यांना कवीची गरज वाटली, हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.

भूगोलाच्या कॅटमध्ये चार प्रकार म्हणजे चार खंडं. युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका. नकाशे नाहीत. प्रत्येक देश म्हणजे त्या देशाच्या वेषातली एक व्यक्ती आणि खाली दोन-चार ओळींत तिची ओळख. मुलाच्या दृष्टीनं हे बरोबरच होतं. नकाशातली वेडीवाकडी रेघ त्याला काय सांगणार? पण घोड्यावरचा, भाला घेतलेला, पगडी घातलेला माणूस लक्षात राहतो.

पण हे चित्र खरं किती? चित्रकारानं त्यातले बहुतेक देश पाहिलेले नव्हते. ऐकीव माहितीवर त्यानं माणसं उभी केली. आणि कॅटची शिस्त अशी, की प्रत्येक खंडाला तेराच पानं. एवढा पसरलेला आशिया, त्यालाही तेरा. एवढासा युरोप, त्यालाही तेरा. ज्याच्याकडे खूप आहे त्याचं कापायचं, ज्याविषयी काहीच माहीत नाही त्याचं भरून काढायचं. खेळ नीट चालावा म्हणून जगाला खेळाच्या मापात बसवलं गेलं. याच्या पुढच्याच वर्षी, १६४५ साली, प्येर द्यूव्हाल या नकाशाकारानं जगाचा एक सोंगट्यांचा पट काढला. त्रेसष्ट घरं, प्रत्येक घरात एक देश, फासे टाकत जगभर फिरायचं. शेवटचं, जिंकण्याचं घर कुठलं? अर्थातच फ्रान्स. खेळ ज्याचा, मोक्षही त्याचाच.

हा लुई पुढे मोठा झाला आणि खरोखरीच्या युद्धांतून त्यानं फ्रान्सच्या सीमा वाढवल्या. त्याच्याविषयी एक किस्सा सांगतात. १६८०च्या दशकात त्याच्या शास्त्रज्ञांनी आकाशातल्या ताऱ्यांच्या आधारे देशाची नव्यानं मोजणी केली, तेव्हा फ्रान्स आधीच्या नकाशांपेक्षा चांगलाच लहान भरला. शत्रूंनी घेतला नाही तेवढा मुलूख माझ्याच मोजणीदारांनी घेतला, अशी राजानं तक्रार केली म्हणे. लहानपणी हातात आलेली पानं आणि पुढे मोजलेली जमीन यांत अंतर असतं, ते राजालाही चुकलं नाही.

परत इंग्लंडमध्ये येऊ. १६७६ साली, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती त्या सुमारास, रॉबर्ट मॉर्डन या नकाशाकारानं बावन्न काउंट्यांचा नवा कॅट काढला. आधीच्या वर्षी जॉन ऑगिल्बीचं रस्त्यांच्या नकाशांचं पुस्तक आलं होतं. मॉर्डननं ते रस्ते आपल्या इवल्याशा पानांवर उतरवले. खाली काउंटीची लांबी-रुंदी, मुख्य गावाचे अक्षांश आणि लंडनपासूनचं अंतर. म्हणजे डाव खेळून झाला की तेच पान खिशात घालून प्रवासाला निघता येईल. राजाच्या पानांवर दुसऱ्या चार्ल्सचा चेहरा आहे. हा तोच चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी ठरलेल्या लग्नात, १६६१ साली, मुंबई आंदण मिळाली. आणि १६६८ साली त्यानं ती वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ते बेट त्याच्या कॅटमधलं पान नव्हतं. हुकमाचं पान हातातून गेलं, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

त्याच काळात हेन्री विन्स्टनली नावाच्या एका नक्षीकारानं जगाच्या भूगोलाचा कॅट कोरला. चार खंडं, त्यांतले देश, तिथली माणसं आणि शहरं. पण हा माणूस ओळखला जातो तो दीपगृहामुळे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एडिस्टन नावाचे जीवघेणे खडक आहेत. त्यांच्यावर त्यानं लाकडी दीपगृह बांधलं. १६९८ साली तिथं दिवा लागला. नोव्हेंबर १७०३च्या महावादळात ते दीपगृह वाहून गेलं, तेव्हा तो दुरुस्तीसाठी आतच होता. सगळं जग बावन्न पानांवर मांडणाऱ्या माणसाचा शेवट समुद्रात, एका खडकावर झाला.

या सगळ्या पत्त्यांत एक गोष्ट समान आहे. पानावर छापलेला धडा एक असतो आणि खेळाच्या नियमात दडलेला धडा दुसरा. छापलेला धडा सांगतो, हा देश इथं आहे, ही त्याची गावं. नियम सांगतो, हा देश राजा, तो देश दुरी. हा त्याला मारू शकतो. पहिला धडा मूल वाचतं. दुसरा न वाचताच त्याच्या अंगात भिनतो.

हे मला पुस्तकापेक्षा मुलांनी जास्त नीट समजावलं. एका मे महिन्यात बहिणीची मुलं राहायला आली होती. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून आम्ही महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांची पानं केली. क्रमवारी बोझसारखी, क्षेत्रफळावरून. सगळ्यांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचं अहमदनगर, सतरा हजार चौरस किलोमीटरहून थोडा जास्त. तो झाला राजा. आणि सगळ्यांत खालचं पान? मुंबई शहर! धाकटी भाची मुंबईची. ती रुसूनच बसली. "खाला, मुंबई दुरी कशी? तिथं तर सगळे येतात!" मग लोकसंख्येवरून पानं लावली. आजच्या सीमा आणि २०११च्या जनगणनेचे आकडे धरले, तर पुणे राजा होतं आणि सिंधुदुर्ग तळाला जातं. भाचा म्हणाला, जंगलावरून लावू. लगेच गडचिरोली राजा झाला आणि मघाचे मोठमोठे राजे खाली सरकले. अर्ध्या तासात तीन राजे बदलले. जमीन तिथंच होती, माणसं तीच होती. आम्ही फक्त नियम बदलला होता.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी या पेचातून एक वेगळी वाट काढली. तिचं कारण मात्र धार्मिक होतं. श्रद्धाळू ख्रिस्ती घरांतही पत्ते म्हणजे पाप, अगदी आमच्या अब्बांसारखंच. म्हणून खेळ तयार करणाऱ्यांनी पत्त्यांतून इस्पिक, बदाम, किलवर, चौकट काढून टाकले. राजा-राणी-गुलामही गेले. उरली नुसती माहितीची पानं. लंडनच्या जॅक्स कंपनीनं १८५१च्या सुमारास 'हॅपी फॅमिलीज' नावाचा खेळ काढला. एकेका कुटुंबाची चार पानं. ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून मागून घ्यायची आणि कुटुंब पुरं करायचं. पुढे याच कंपनीनं इंग्लंडच्या काउंट्यांचाही असाच खेळ काढला. काउंटी म्हणजे कुटुंब, गावं म्हणजे त्या कुटुंबातली माणसं. कुठलं गाव कुठल्या काउंटीतलं, हे ठाऊक असल्याशिवाय मागताच येणार नाही.

या खेळात मागितलेलं पान नसेल तर काय म्हणायचं, हे ठरलेलं होतं. 'नॉट ॲट होम', घरी नाही! आता लक्षात आलं ना? उन्हाळ्याच्या सुट्टीत माजघरात बसून महाराष्ट्रातली पिढ्यान्‌पिढ्यांची पोरं जो 'नॉट ॲट होम' खेळत आली, त्याचं नाव तिथून आलं आहे. मीही तो शेजारच्या वाड्यात, आजी वामकुक्षी घेत असताना शिकले. खेळ आपल्याकडे आला तो साध्या पत्त्यांवर. त्या वाटेनं भूगोल मात्र आला नाही.

पण त्या भूगोलाच्या खेळानं नियम बदलला आणि दडलेला धडाही बदलला, हे महत्त्वाचं. इथं कुणी कुणाला मारत नाही. मोठं गाव आणि लहान गाव यांची किंमत सारखीच, कारण एक जरी नसलं तरी कुटुंब अपुरं. प्रश्न 'कोण वरचढ?' हा राहत नाही. 'कोण कुठला?' हा होतो. आम्हीही मग छत्तीस पानं तशीच खेळलो. सहा महसुली विभागांची सहा कुटुंबं. कोकणाची माणसं सात, मराठवाड्याची आठ, नागपूरची सहा, पुणे, नाशिक आणि अमरावतीची पाच-पाच. कुटुंबं सारख्या आकाराची नाहीत, म्हणून काही अडलं नाही. "नंदुरबार आहे का?" "नॉट ॲट होम." दोन दिवसांत हिंगोली आणि वाशिम यांतलं कुठलं मराठवाड्यातलं आणि कुठलं विदर्भातलं, हे मुलांना झोपेतही सांगता येऊ लागलं. जिल्ह्यांची यादी मी त्यांच्याकडून एकदाही घोकून घेतली नव्हती.

हे जुने कॅट आज कुठे आहेत? बरेचसे संग्रहालयांत. लेडी शार्लट श्रायबर नावाच्या बाईंनी जमवलेला पत्त्यांचा मोठा संग्रह १८९५ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला मिळाला. या बाई वेल्श भाषा शिकल्या होत्या आणि तिच्यातल्या जुन्या कथा त्यांनी इंग्रजीत आणल्या होत्या. अशा पानांची छायाचित्रं आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. पाहताना जाणवतं, की नकाशे किती लवकर जुने होतात. रटलंड ही इंग्लंडची इवलीशी काउंटी. १९७४च्या फेररचनेत ती कारभाराच्या नकाशावरून पुसली गेली आणि लोकांनी हट्ट सोडला नाही म्हणून १९९७ साली परत आली. मधली तेवीस वर्षं ती जुन्या पत्त्यांत आणि तिथल्या माणसांच्या बोलण्यात राहिली. आपल्याकडेही १९६० साली राज्य झालं तेव्हा सव्वीस जिल्हे होते, आज छत्तीस आहेत. कुलाबा जिल्ह्याचा १९८१ साली रायगड झाला. २०१४ साली ठाण्यातून पालघर निघाला.

म्हणून तुम्ही घरी असा कॅट केलात, तर एक सुचवते. खर्च काहीच नाही. जुने पुठ्ठे, कात्री आणि रंगीत पेन पुरे. पानं मुलांकडूनच लिहून घ्या. कुठल्या जिल्ह्याखाली काय लिहायचं, यावर भांडू द्या; त्या भांडणातच अर्धा भूगोल शिकून होतो. नियमही त्यांनाच ठरवू द्या आणि दर डावाला बदलू द्या. आणि छत्तीस पानं झाली की सदतिसावं एक कोरं कापून ठेवा. आमच्या कॅटमध्ये ते आहे. पुढेमागे लागेलच.